कोल्हा पायांनी उडतो

रोमन पंडिताला कोल्हा दाखवा. शेपूट, दात, बीळ यांत त्याला रस नाही. तो आधी नाव विचारणार. लॅटिनमध्ये 'व्हुल्पेस'. एलियस स्टिलोने लगेच फोड केली: 'व्होलात पेदिबुस', पायांनी उडतो तो. झालं प्राणिशास्त्र!

स्टिलोचा शिष्य व्हॅरो. त्याने लॅटिन भाषेवर 25 खंड लिहिले (उरलेत सहा, तेही मधेमधे गळालेले) आणि व्युत्पत्तीला चार पायऱ्या बांधल्या. पहिलीवर कुणीही चढावं, चौथी थेट गाभाऱ्यात. शब्द उकलला की वस्तू उकलली, ही स्टोइक तत्त्वज्ञांकडून आलेली श्रद्धा.

या विद्येची खासियत अशी की ती कधी नापास होत नाही. देवराईला 'लूकुस' का? 'लूकेरे' म्हणजे उजळणं, आणि राईत उजेड शिरत नाही म्हणून! शाळेला 'लूदुस' का? लूदुस म्हणजे खेळ, आणि शाळेत नेमका तोच नसतो म्हणून! (हे मात्र पटतं.) जुळलं तर पुरावा, उलटं निघालं तर सवाई पुरावा. पहिल्या शतकात क्विंटिलियनने असल्या नमुन्यांची यथेच्छ टर उडवली.

वकीलमंडळीही मागे नव्हती. सर्व्हियस सल्पिशियसने मृत्युपत्राच्या 'तेस्तामेंतुम'मध्ये 'मेन्स', म्हणजे मन, शोधून काढलं. मृत्युपत्र ही मनाची साक्ष! ऐकायला झकास. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने त्याच्यापुढे 'काल्केआमेंतुम' ठेवला. तो पायातला जोडा. शेपूट तेच, मग जोड्यालाही मन?

सिसेरोची तऱ्हा आणखी बहारीची. इ.स.पू. 45च्या सुमारास लिहिलेल्या देवांवरच्या संवादात त्याचं एक पात्र, समुद्रदेव नेपच्यूनचं नाव 'पोहणं' या क्रियापदावरून काढणाऱ्याला सुनावतं की नेपच्यूनपेक्षा तूच जास्त पोहतोयस. त्याच वर्षी सिसेरो मित्राला पत्रात कुरकुरत होता: ग्रंथ अर्पण करतो म्हणून व्हॅरोने शब्द दिला, दोन वर्षं उलटली, गडी हातभर पुढे सरकलेला नाही. पुढे बरेचसे खंड खरोखरच सिसेरोच्या नावे झाले. त्यांत त्याला काय मिळालं? शेताला 'आगेर' म्हणतात, कारण तिथे काहीतरी 'करतात'. आणि 'ग्राकुलुस' हा कावळ्याचा चुलतभाऊ ग्राकुलुस का, तर तो 'ग्रेगातिम', म्हणजे थव्याने, उडतो.