डबल ट्रॉलीमागे वेरूळ

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडची लालपरी सुटली, तेव्हा गणिताच्या निवृत्त गुरुजींचा बेत साधा होता: कैलास लेणं पाहायचं आणि संध्याकाळी घरी. मिटमिटा मागे पडलं आणि बसच्या काचेत ऊस दिसू लागला. शेतातला नव्हे, ट्रॅक्टरवरचा. डबल ट्रॉली, वर गाणी.

दौलताबादचा दिल्ली दरवाजा एका वेळी एकच मोठं वाहन आत घेतो, तेही पोट आत ओढून. तिथे सगळं ठप्प झालं. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने अख्खी राजधानी इथे ओढून आणली. जादा भार या गावाला नवा नाही.

गुरुजी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्यापाशी गेले.

“किती ऊस?”

“ट्रॉल्यांसकट वीस टन असंल. काट्यावर कळंल.”

“आणि ट्रॅक्टर?”

“पन्नास एचपी!”

“एचपी नको रे, वजन सांग.”

“अडीच टन धरा.”

तिकिटाची पाठ हिशोबाला लागली. सपाट डांबरावर साडेबावीस टनांचा हा वरात-जथा हलवायला साधारण साडेचारशे किलोचा जोर पुरतो, म्हणून गाणी ऐकत येता येतं. पण दहा मीटरला एक मीटर चढ लागला की वजनाचा दहावा भाग मागे ओढतो. आणखी सव्वादोन टन! एकूण दोन टन सातशे किलो. खालच्या गिअरमध्ये इंजिन तेवढा जोर लावेलही. टायरने रस्ता धरायला हवा ना? ट्रॅक्टरचा सगळा भार मागच्या चाकांवर आला असं मानलं, तरी कोरड्या रस्त्यावर पकड वजनाच्या फार तर सत्तर टक्के. म्हणजे पावणेदोन टन. त्यापुढे चाक जागच्या जागी गरगरतं, नाहीतर ट्रॅक्टर तोंड वर करून घोड्यासारखा उभा राहतो.

“एकच ट्रॉली असेल तर दीड टनात भागतं,” गुरुजींनी निकाल दिला. “एकच चढेल!”

“तेच तर करतो गुरुजी. घाटाखाली एक सोडायची, दुसरी वर ठेवून परत यायचं.”

गुरुजींनी तिकीट खिशात घातलं. पैसे टनावर मिळतात, त्यामुळे दुसरी ट्रॉली घरी ठेवण्याचा सल्ला त्यांनी गिळला. पण एक शंका उरलीच. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर त्या मागून रेटतात आणि हुकापाशी ट्रॅक्टरला आडवा करतात.

“मग उताराला काय करतोस?”

“गाणी बंद करतो.”

खुलताबादच्या घाटाच्या पायथ्याशी चाकांना दगड लावलेली एक ट्रॉली एकटीच उभी दिसली. गुरुजींनी खिडकीतून मान बाहेर काढून ती वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

वेरूळला, आठव्या शतकातल्या त्या कैलासाच्या जोत्याशी, हत्तींची रांग देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. गुरुजींनी पुन्हा तिकीट काढलं.

“यांच्यावर किती टन असतील हो?”

“काहीच नाही,” गाइड म्हणाला. “दगड एकच आहे. वरून खाली कोरत आणलाय. हत्ती सगळ्यात शेवटी आले.”