पळीभर तेल आणि भूमितीचं झाड

खानदेशातल्या सोनगीरला किल्ल्याखालच्या गल्ल्यांतून दुपारचं हिंडताना अजूनही एखाद्या घरातून पितळेवर पडणारी हातोडी ऐकू येते. तशाच एका घरात माझी दहावीतली भाची कार्डशीटवर ओणवी होऊन माइंड मॅप काढत होती. मधोमध जांभळ्या ढगात ‘भूमिती’ आणि भोवती सात फांद्या : समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. शेवटचं नाव एवढं ऐसपैस, की त्याचा फुगा काढता काढता सूत्रांना जागाच उरली नाही. तरी शीट भिंतीवर लागलं आणि सगळ्या घराला अभ्यास झाल्यासारखं वाटलं. स्केचपेनची ही जुनी किमया आहे. न वाचलेला धडासुद्धा रंगवला की ओळखीचा वाटू लागतो. टोनी बुझान या इंग्रज गृहस्थांनी सत्तरच्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा हा फायदा त्यांच्या ध्यानात होता की नाही कोण जाणे.

झाड सुबक होतं, पण फांद्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. खानदेशात हे शोभत नाही. इथे लग्नाच्या पंगतीत परक्या माणसाशेजारी बसावं, तर बट्टी आणि वांग्याची भाजी ताटात पडेपर्यंत तो शिरपूरच्या मावशीच्या दिराचा व्याही निघतो. भूमितीचं गोतही असंच पसरलेलं आहे. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र म्हणजे गाव बदलून राहायला आलेला पायथागोरस. त्रिकोणमितीत साइन वर्ग आणि कॉस वर्ग मिळून एक होतात, तीही त्याचीच सासरी नांदणारी लेक. सोयरिकीच्या या आडव्या रेघा भाचीच्या कागदावर कुठेच नव्हत्या.

“हाई कसाले शिकनं पण?” तिने वैतागून विचारलं. विचारलं मला, पण उत्तर दिलं तिच्या आजोबांनी. त्यांचा जन्म तांबटकामात गेला. “पत्रा वाया जास ना, बेटा,” एवढंच म्हणून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. पितळ वजनावर मिळतं. गोल चुकीचा कापला, तर हंड्याचं बूड तोकडं होतं नाहीतर उरलेलं मोडीत जातं. महत्त्वमापनाचा एवढा आटोपशीर धडा मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही.

भाचीच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर मला पाटणला सापडतं. धुळ्याहून चाळीसगाव गाठलं, की पुढे डोंगराच्या कुशीत हे गाव लागतं. गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. १२०७ सालचा त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांचा हिशेब आला की भाषा मराठीवर उतरते. त्या हिशेबात आहे, की मठासाठी दर घाण्यामागे पळी-पळी तेल द्यावं. माझं मन त्या तेलातच अडकून राहिलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यातलं कमळ पाण्यावर अर्धा हात उभं असतं, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडतं आणि विचारतं, पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात, तेही पायथागोरसच्याच वाटेने. घाणेवाल्याला त्या कमळाचा पत्ता नसावा. तरी खोलीचा हिशेब करणाऱ्या कुणा पोराच्या दिव्यात त्याचं तेल जळत असेल, असं मला आपलं वाटतं. गणित नेमकं कुणाच्या कामाला येणार हे आधी कळत नाही, आणि तेल मात्र आधीच द्यावं लागतं. गणित कशाला शिकायचं, याचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे.

तुमच्या घरी दहावीचं पोर असेल आणि त्याने भिंतीवर असं झाड लावलं असेल, तर रंगांना नावं ठेवू नका. शेजारी बसा, कुठल्याही दोन फांद्यांवर बोट ठेवा आणि यांचं आपसांत नातं काय, ते विचारा. सांगता आलं तर तिथे एक आडवी रेघ त्यालाच ओढू द्या. शीट थोडं विद्रूप दिसेल, दिसू द्या.