मुरलेले दाजी

आमचे दाजी मूळचे सांगलीचे, पण गेली २२ वर्षं केंटकीतल्या लुईव्हिलला असतात. त्यांच्या तळघरात पन्नासेक बाटल्या आहेत आणि एकीलाही ‘दारू’ म्हणायची सोय नाही. माझ्या तोंडून एकदा शब्द गेला, तर शास्त्रीय गायकाला कुणी ऑर्केस्ट्रावाला म्हटल्यावर तो बघेल तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“बर्बन म्हण. निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के मका. ओकचं पिंप दर वेळी नवंकोरं, आतून जाळलेलं. १९६४ साली काँग्रेसनं ठरावच केलाय, हे अमेरिकेचं खास पेय म्हणून.”

त्यांच्या आईंचा बरेच दिवस समज होता की ही आपलीच काँग्रेस. खुलासा झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मक्याचं प्यायला एवढं लांब गेलास होय रे?”

दाजी टक्क्यांत बोलत नाहीत, प्रूफमध्ये बोलतात. प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. पण आकडा दुप्पट झाला की त्यांची छातीही होते. १२५ प्रूफच्या वर पिंपात भरायचं नाही असा कायदा आहे. तरी बारा वर्षांनी बाहेर येताना ती १३०-१३५ कशी होते, हे ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी जेवण वाढलं जात नाही. गोदामाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी पेटते, पाणी अल्कोहोलच्या आधी उडून जातं, उरतो तो अर्क. माणूस मुरला की निवतो, हिचं उलटंच. एक बाटली तर १४० प्रूफच्या वरची आहे. ती विमानात नेऊ देत नाहीत, हे दाजी पद्मश्री मिळाल्यासारखं सांगतात.

मागच्या नाताळात मी गेलो तेव्हा ‘डोळे झाकून’ चव घ्यायचं ठरलं. लेबल बघून कौतुक करणाऱ्यांचा दाजींना तिटकारा. “जीभ खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. ताईनं स्वयंपाकघरात चार पेले भरले, बुडाला चार रंगांच्या टिकल्या चिकटवल्या आणि कुठल्या टिकलीला कुठली बाटली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी शेंगदाण्याच्या बरणीखाली ठेवली. तीन बाटल्या तळघरातल्या. चौथी कुठली ते तिनं सांगितलं नाही. ओट्यावर केकचं सामान तेवढं मांडलेलं दिसलं.

दाजींनी आधी कढईतली लसणाची फोडणी थांबवायला लावली. मग नाक पेल्यात घातलं. “कॅरमेल. जुनं चामडं. तंबाखू.”

ताईनं वास घेतला. “काकवी आहे.”

“डार्क कॅरमेल!”

“तेच की. तुमच्या गावच्या गुऱ्हाळात येतो तो वास.”

मी घोट घेतला आणि घशापासून बेंबीपर्यंत वाट पेटली. दाजी खूश. “याला केंटकीची मिठी म्हणतात!”

“आपल्याकडे पित्त म्हणतात,” ताई म्हणाली.

तासाभरानं निकाल लागला. हिरव्या टिकलीला दाजींनी हिणवलं, “पोरकट आहे, दोन वर्षांचीसुद्धा नसेल.” मरून टिकलीवर मात्र त्यांचे डोळे पाणावले. “बारा वर्षं. वरचा मजला. एकशे तेहेतीस प्रूफ, लिहून घे.” मी लिहून घेतलं. ताईला अचानक ठसका लागला. ती तर काही पीतही नव्हती.

“काढू चिठ्ठी?” तिनं विचारलं.

दाजींचा हात बरणीकडे गेला आणि झाकणावरच थबकला. “आत्ता नको. जीभ थकलीय. शिवाय लसूण. पुढच्या शनिवारी थेंबभर पाणी घालून पुन्हा बघू.”

पुढच्या शनिवारी त्यांना सर्दी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी हवेत दमटपणा होता. मी परत निघालो तेव्हा चिठ्ठी बरणीखालीच होती आणि दाजी शेंगदाणे खायचे बंद झाले होते.

परवा फोनवर कळलं, ताईनं त्याच चिठ्ठीच्या पाठीवर किराण्याची यादी लिहिली आणि ती इंडियन स्टोअरमध्ये कुठेतरी पडली. दाजी चारचौघांत आता मोकळेपणानं सांगतात, “चारही बरोबर ओळखल्या होत्या. मेहुणा साक्षीला आहे.”

ताईला चिठ्ठी तोंडपाठ आहे. तिला अजून कुणी विचारलेलं नाही. या नाताळात केकमध्ये घालायला तिनं तीच स्वस्तातली बाटली आणली, तर म्हणे दाजींनी ती हळूच उचलून तळघरात नेऊन ठेवली.