काखेत हिरवळ

गोल्फ खेळायला निघालेला माणूस काखेत गवत घेऊन चाललाय, हे दृश्य कूबर पीडीत पाहायला मिळतं. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, ऑस्ट्रेलियाच्या पार ओसाड पोटात हे ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून बरीच मंडळी जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. राहायचं खाली आणि चेंडू बडवायला मात्र वर यायचं!

आम्ही चौघं होतो. अ‍ॅडलेडचा यजमान मित्र, वहिनी, मी आणि मेलबर्नच्या हिरव्यागार क्लबात खेळणारा आमचा डॉक्टर. डॉक्टर पांढरीशुभ्र पँट घालून आला होता.

"फेअरवेची हिरवळ कुठाय रे?" त्यानं विचारलं.

यजमानानं क्षितिजाकडे हात केला. माती, खडी, पुन्हा माती. अठराच्या अठरा होल्सना गवताचं पातं नाही. तरी 'गवतावर चालू नका' अशी पाटी मात्र आहे. मला तर ही पाटीच अख्ख्या क्लबात सगळ्यात जास्त आवडली.

इथे प्रत्येकानं कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा बरोबर बाळगायचा. चेंडू पडेल तिथे तुकडा अंथरायचा, वर चेंडू ठेवायचा, फटका मारायचा, तुकडा उचलून चालू पडायचं. स्वतःचं आसन घेऊन यजमानांच्या घरी जाणाऱ्या गुरुजींसारखे आम्ही ओळीनं निघालो. होलभोवतीच्या ज्या जागेला ग्रीन म्हणायचं, ती काळी. वाळूत तेल कालवून ती चोपून बसवलेली. पटिंगआधी, म्हणजे चेंडू होलात ढकलण्याआधी, आपणच ती सारखी करायची. तिसऱ्या होलपर्यंत डॉक्टरच्या पँटवर गॅरेजवाल्याची कळा आली.

गंमत म्हणजे या क्लबाची सोयरीक थेट गोल्फच्या माहेरी, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजशी. दोघांच्या सभासदांनी एकमेकांकडे खेळायचं, असा करार झालेला आहे. तिकडून इकडे येणाऱ्यांच्या पँटची मला काळजी वाटली.

माश्यांबद्दल न बोललेलं बरं. तोंड उघडलं की प्रत्येक वाक्यात एकेक शिरत होती.

खाणींचं म्हणाल तर, १९१५ साली विली हचिसन या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडलं. वडिलांच्या टोळीबरोबर तो खरं तर सोनं शोधायला आला होता. तेव्हापासून माणसं परिसर खणताहेत, आणि खणलेलं बुजवायचा उत्साह सगळ्यांनाच असतो असं नाही. म्हणून खाणींच्या भागात पाट्या आहेत: पळू नका, उलटं चालू नका. खाली विहिरीसारखे खोल खड्डे.

डॉक्टरचा पुढचा फटका नेमका मैदानाबाहेर, तिकडेच गेला. तो निघाला मागोमाग.

"भावजी, पाटी वाचलीत ना?"

"अहो वहिनी, महागाचा चेंडू आहे!"

"जाऊ द्या. त्याला वाचता येत नव्हतं, तुम्हाला येतं."

डॉक्टरनं खिशातून दुसरा चेंडू काढला, काखेतली हिरवळ अंथरली आणि आमची पाठ वळलीय असं समजून कार्डावर दोन फटके कमी लिहिले.