मंडळीचे मामा

पाळकसाहेब आशीर्वादासाठी दोन्ही हात वर करतात आणि नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या बाकावरून खाकरण्याचा आवाज येतो. साहेबांचे हात हवेतच थांबतात. मिरजेच्या या मंडळीत आजवर चार पाळक बदलले, पण हात कुठे थांबवायचे ती उंची काही बदलली नाही. "फक्त दोन मिनिटं," म्हणत मामा उठतात. जाणती माणसं लगेच परत बसून घेतात. पाहुणे उभे राहतात, आणि त्यांचं पुढे जे व्हायचं ते होतं.

"पहिली सूचना. बुधवारची प्रार्थना वानलेसवाडीला आहे. घर कुणालाही सापडायचं नाही, तेव्हा शोधू नका. टाकीपाशी उभे राहा, मी न्यायला येतो. दुसरी. गेल्या रविवारी छत्रीची अदलाबदल झाली आहे. नेलेली नवी आहे, ठेवलेली जुनी. देव क्षमा करील. मी पुढच्या रविवारी नाव वाचीन. तिसरी. कॅरलला निघणाऱ्या तरुणांनी घरोघर चहा घेऊ नये. मागच्या वर्षी एकवीस घरं झाली आणि एकवीस चहा झाले. पुढचं सांगत नाही, बायका बसल्यात."

दोन मिनिटांची पंधरा होतात. घरी गेल्यावर प्रवचन कशावर होतं ते दहातल्या तिघांना सांगता येतं. छत्री कुणाची गेली ते दहाच्या दहा जणांना.

तसे ते माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. बाकीच्यांचे ते कधी आणि कसे मामा झाले ते कुणालाच आठवत नाही. पाळकसाहेबही मामाच म्हणतात, आणि मामांपेक्षा सात वर्षांनी मोठ्या असलेल्या एक निवृत्त मेट्रनबाईसुद्धा. मामी मात्र नाराज असते. आमच्यात या 'मंडळी' शब्दानं मोठी पंचाईत करून ठेवली आहे. जुन्या मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको, आणि ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं. "जरा मंडळीकडे बघायला हवं," असं म्हणून मामा चपला घालतात तेव्हा मामी आतून विचारते, "कुठल्या?"

मामा आयुष्यभर कंपाउंडर होते. डॉ. वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला, हे मामा अशा थाटात सांगतात की पायाचा दगड धरायला तेच उभे होते असं वाटावं. त्या दवाखान्यापायी मिरजेला कुठून कुठून माणसं आली. नगरची आली, जालन्याची आली, केरळच्या नर्सेस आल्या. कुणी शिकायला आलं, कुणी आजारी पडून आलं, बरं झालं आणि राहिलं. अशा माणसांची मंडळी म्हणजे मामांच्या मते बाटलीतलं मिक्श्चर. "स्वस्थ ठेवलं की औषध तळाला आणि पाणी वर. हलवायला लागतंय की!"

हलवण्याचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं आहे.

त्यासाठी एक वही आहे. कोण कुठल्या बाकावर बसतो, मूळ गाव कुठलं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, उपासना-संगीतातलं कुठल्या नंबरचं गाणं लागलं की डोळ्यांना पदर लावतो, हे सगळं तिच्यात आहे. एखाद्या रविवारी तुमची जागा रिकामी दिसली की दुपारी चारला मामा दारात. "नाही, सहज आलो." सहज आलेल्या माणसाच्या खिशात थर्मामीटर असतो. ताप निघाला तर ठीक, सुटलात. नाही निघाला तर मामा खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "मग कुणाशी वाजलं?"

आणि बहुतेक वेळा वाजलेलं असतंच. ज्या चर्चमध्ये भांडण नाही ते चर्च मी अजून पाहिलेलं नाही. पौलानं पत्रं लिहिली तीही मंडळ्यांत सगळं गोडीगुलाबीचं होतं म्हणून नव्हे. मिरजेत दोन गृहस्थ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर नाताळच्या नाटकात एकाच्या मुलाला मागी राजा केलं आणि दुसऱ्याच्या मुलाला मेंढरू. पाळकसाहेबांनी क्षमेवर सलग तीन प्रवचनं दिली. दोघांनीही ती मन लावून ऐकली आणि दोघांचीही खात्री पटली की ती समोरच्यासाठी होती.

मामांनी प्रीतिभोजनाची वाट पाहिली. मटणाच्या रश्श्याचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवून मांडवात न्यायचं होतं. मामांनी एका कानाला एकाला लावलं, दुसऱ्या कानाला दुसऱ्याला, फडकी हातात कोंबली आणि म्हणाले, "उचला." आता उकळत्या रश्श्याचं पातेलं दोघांत धरल्यावर माणूस अबोला किती पाळणार? दहा पावलांवर पहिला म्हणाला, "हळू." दुसरा म्हणाला, "पायरी आहे." मांडवापर्यंत "डावीकडे घ्या", "सोडू नका हं" आणि "भाजलं का हो?" एवढं सगळं बोलणं होऊन गेलं होतं. पातेलं खाली ठेवल्यावर दोघंही ओशाळले, पण मामांनी उसंत दिली नाही. "भाताचंही आहे अजून."

त्या वर्षी रस्सा थोडा सांडला. मामांनी तो वहीत खर्ची टाकला.

मी साताऱ्याचा, ही या नात्यातली एक दुखरी जागा. वडिलांकडची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे १८१३ साली मुंबईला उतरलेल्या मिशनऱ्यांच्या घराण्यातली. ज्यानं त्यानं आपापल्या मंडळीचा कारभार आपण बघावा, अशा मताची. कोल्हापूर, सांगली, मिरज हा मुलूख प्रेस्बिटेरियनांचा; तिथं वडीलमंडळ, शिस्त, इतिवृत्त. १९२४ साली हे दोन पंथ एक झाले आणि १९७० साली आणखी काही पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेले. मामांना ही बातमी अजून पोचलेली नाही. साताऱ्याला आले आणि उपासना सात मिनिटं उशिरा सुरू झाली, की ते माझ्या वडिलांकडे बघून समजूतदारपणे मान हलवतात. "असू दे. तुमच्यात चालतंय."

एकदा मीही चिडलो. म्हटलं, मामा, कवी ना. वा. टिळक आमच्या साताऱ्यात राहिले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी तिथं 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेला असो की नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांनी त्यात एकत्र यावं, एवढी मोठी कल्पना. मिरजेत आहे असं काही?

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पगार सोडला?"

"सोडला."

"मग दरबाराचा हिशेब कोण ठेवायचं?"

ज्यानं लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्याला टिळकांच्या हातात पैसा किती टिकायचा ते ठाऊक आहे. मी उत्तर दिलं नाही. मामा हळहळून म्हणाले, "एखादा मिरजेचा माणूस हवा होता बघ तिथं."

गाण्याच्या बाबतीत तर बोलायलाच नको. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, सतारमेकरांची गल्ली हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पेटीचा एक स्वर उतरला तरी मामा मागे वळून बघतात. स्वतः गातात ते मात्र कुठल्याच पट्टीत नसतं.

शुभ शुक्रवारी मामा हातात घड्याळ घेऊन बसतात. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते; प्रत्येकाला पंचवीस मिनिटं आणि गाण्यासाठी उरलेली पाच. हा हिशेब मामांचा. पहिला वक्ता आदामापासून सुरुवात करतो तिथंच हिशेब कोलमडतो. तहानेच्या उद्गाराच्या वेळी एप्रिलच्या उन्हात पत्रा तापलेला असतो, आणि मामा हळूच उठून मागचे माठ भरलेले आहेत ना ते बघून येतात. मंडळीतल्या अर्ध्या माना त्यांच्या मागोमाग वळतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा पाण्यातून निघालेली कितीतरी कुटुंबं मिरजेकडे आली. काही चर्चच्या हॉलमध्ये उतरली. मामांनी वहीत नवं पान उघडलं. नाव, गल्ली, माणसं किती, बीपीची गोळी कुठली. धर्माचा रकाना त्यांनी आखलाच नाही, चहाचा आखला. रविवारी हॉलमध्ये जागा अपुरी पडली म्हणून तिथले लोकही उपासनेला येऊन बसले. त्यातल्या निम्म्यांना उपासनेतलं काही कळलं नसेल, पण शेवटी मामा उठले आणि म्हणाले, "पहिली सूचना. आंघोळीचं गरम पाणी सहा ते आठ, आधी लेकुरवाळ्या," तेव्हा सगळ्या हॉलनं एका आवाजात "बरं" म्हटलं. एवढा प्रतिसाद पाळकसाहेबांना 'आमेन'लाही मिळाला नव्हता.

पण मामा खरे खुलतात ते हार्वेस्टला. पत्रकात 'हंगामाचा सण' छापलेलं असतं, बोलताना सगळे हार्वेस्टच म्हणतात. ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं, घरातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. उसाच्या मोळ्या, ओल्या शेंगा, केळीचा घड, हळकुंडं, पाय बांधलेली एक संतापलेली कोंबडी, नर्सेसनी केलेला केक. आम्ही साताऱ्याहून गेलो तर घेवडा आणि कंदी पेढे. सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे करणाऱ्या एका व्यापाऱ्यानं मामांचा लिलाव एकदा उभ्यानं पाहिला आणि म्हणाला, "ह्यो माणूस आमच्यात नाही ते बरं हाय."

मामांची पद्धत साधी आहे. बोली लावणाऱ्यानं तोंड उघडायची गरज नसते. "डॉक्टरांचे पाचशे!" डॉक्टर तेव्हा पोराचं नाक पुसत असतात. "पुण्याहून आलेले जावई आहेत, त्यांचे सहाशे!" जावई सासऱ्यांकडे बघतो, सासरे आभाळाकडे. घेतलेली वस्तू बरेच जण पुन्हा अर्पण म्हणून टेबलावर ठेवतात, की मामा तीच पुन्हा विकायला मोकळे. एक भोपळा सलग दोन हार्वेस्टला आला होता असं मामी सांगते. मी त्यात पडत नाही.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. त्या वर्षी वानलेसवाडीहून एक आजी सहा गावठी अंडी घेऊन निघाल्या. शेअर रिक्षात पाच फुटली. उरलेलं एक त्यांनी पदरानं पुसून ठेवलं होतं, भोपळ्याच्या आडोशाला, कुणाला फारसं दिसू नये असं. मामांनी ते दोन बोटांत धरून वर केलं. कुणीतरी हसलं.

"हसू नका," मामा म्हणाले. "भोपळा फुटत नाही, त्याचं काय कौतुक? हे अंडं वानलेसवाडीहून रिक्षानं आलंय. बोला."

वीस. पन्नास. शंभराला मेट्रनबाईंनी घेतलं आणि परत ठेवलं. पुन्हा बोली. पुन्हा परत. मग मामांची नजर माझ्यावर आली. "साताऱ्याचे दीडशे!"

मी तोंड उघडलं नव्हतं. खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे होते. "बोलला नाही," मामांनी जमलेल्यांना समजावलं, "पण मनात होतं त्याच्या." अंडं माझ्या हातात आलं. मी ते घाईनं परत टेबलावर ठेवलं आणि वहीत नोंद झाली. सात वेळा ते अंडं विकलं गेलं. आठव्या फेरीला मागून आजींचा आवाज आला, "अकरा रुपये." पदराची गाठ सोडायलाही त्यांनी सुरुवात केली होती. पुढच्या रांगेत दोनशेसाठी हात वर झालेला मी स्वतः पाहिला. मामांनाही तो दिसला असणारच, त्यांना सगळं दिसतं. "अकरा एक, अकरा दोन, अकरा तीन," एका दमात म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली आणि केक पुढे ओढला.

आजी अंडं घेऊन घरी गेल्या. मामा टाकीपर्यंत पोचवायला गेले होते. रिक्षानं नाही, चालत.

माझे दीडशे मात्र राहिले. सुट्टीत गेलो की विसरायचो, साताऱ्याला परतल्यावर आठवायचे. मामांनी तोंडानं कधी मागितले नाहीत. फक्त नाताळच्या कार्डावर शुभेच्छांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक अंडं काढलेलं असायचं.

माझं लग्न साताऱ्याला झालं. उपासना सात मिनिटं उशिरा सुरू झाली, मामांनी मान हलवली. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, हॉलमध्ये दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची भाषणं झाली. सूत्रसंचालकानं जेवणाचं आमंत्रण देण्यासाठी माइक तोंडाशी नेला आणि तिसऱ्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला.

"फक्त दोन मिनिटं."

मिरजेहून आलेली माणसं खुर्चीत मागे रेलून नीट बसली. साताऱ्याची हातात ताटं घेऊन उभीच राहिली. मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली, बोट ओलं केलं आणि पान शोधायला लागले.

माझी बायको माझ्याकडे झुकली. "मिरजेचे मामा ना हे? कार्डावर अंडं कसलं काढतात रे?"

मामांनी ते ऐकलं. "सांगतो की," ते म्हणाले, आणि त्यांनी मागची खुर्ची पुढे ओढली.