गोव्याक न्हेवा!

टोयोटाच्या कारखान्यात एक दोरी असते. गाडीत खोट दिसली की साधा कामगारही ती ओढतो; तिथल्या तिथे निस्तरलं नाही तर अख्खी रांग थांबते. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ साली ही पद्धत उचलली. आपल्या सरकारी दवाखान्यांना राष्ट्रीय गुणवत्ता मानके मिळाली, २०१५ साली स्वच्छतेची ‘कायाकल्प’ योजनाही. तपासणीच्या यादीत प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. सत्तर टक्क्यांना पास.

सिंधुदुर्गातल्या आमच्या कट्ट्याच्या दवाखान्याला मात्र जपानी गुरू नको. इथली दोरी दोन शब्दांची: “गोव्याक न्हेवा!” ती कोणीही ओढतो, बाजारातला पानवालासुद्धा. मग गाडी पत्रादेवीची हद्द ओलांडून थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला. टोयोटात दोष दुरुस्त होतो, इथे तो जिल्ह्याबाहेर जातो. फरशी लख्ख, कचऱ्याच्या बादल्या रंगवार, रोगी परराज्यात. तपासणाऱ्याला आणखी काय हवं?

गोव्याने जानेवारी २०१८ पासून तिथे बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं. पुढे जिल्ह्यातच ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. (दोरी अजून लोंबतेच आहे.)

डॉक्टर आहे का, हेही यादीत विचारतात म्हणा; पण शेकडो प्रश्नांच्या गर्दीत. साहेब, तेवढा प्रश्न सगळ्यात वर घ्या आणि त्यात नापास तो सगळ्यात नापास, असं ठरवा. गुण शून्य किंवा दोनच ठेवा. अर्धा डॉक्टर आम्हाला चालत नाही.