गिनीपिगाच्या फ्लीसचे शास्त्रोक्त प्रक्षालन

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरचे विणलेले आणि मग खरवडून लवदार केलेले कापड. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्स या गिरणीने ते १९७९ मध्ये तयार केले आणि थोड्याच वर्षांत ते गिर्यारोहकांच्या अंगावर चढले. गिनीपिग हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातला. म्हणजे दोघेही डोंगराकडचे; त्यांची गाठ मात्र पडते ती पुण्यामुंबईच्या एखाद्या वन बीएचकेत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे या जोडीच्या सेवेत एक वॉशिंग मशीन आणि किमान एक सज्ञान माणूस कायम अडकलेला असतो. प्रस्तुत विवेचन त्या माणसासाठी आहे. मशीनला वाचता येत नाही आणि गिनीपिगाला गरज नाही.

या कापडाचा मुख्य गुण असा की ते पाणी पीत नाही. पॉलिएस्टरचा धागा ओल जवळजवळ धरतच नाही. मूत्र धाग्यांमधल्या फटींतून खाली उतरते आणि वर बसलेल्या प्राण्याचे पाय कोरडे राहतात. पाय सतत ओले राहिले तर तळव्यांना जखमा होतात, आणि साचलेल्या मूत्रातून सुटणारा अमोनिया त्याच्या नाजूक श्वसनमार्गाला झोंबतो. खाली उतरलेले मूत्र पिण्यासाठी फ्लीसखाली सुती थर लागतो: जुने टॉवेल किंवा दोनतीन पदरी गोधडी. आजीच्या नऊवारीतून शिवलेल्या गोधडीच्या नशिबी शेवटी हे यावे का, याबद्दल घरात दोन मते असू शकतात. तिच्या शोषणशक्तीबद्दल नाहीत.

नव्या फ्लीसला थेट पिंजऱ्यात प्रवेश नाही. दुकानातून आलेल्या कापडावर पाणी अळवाच्या पानावर राहावे तसे गोळा होऊन बसते, आणि अळवाच्या पानावर गिनीपिग बसवला तर तो स्वतःच्याच तळ्यात बसतो. म्हणून गरम पाण्यात, थोड्या डिटर्जंटने ते तीनचार वेळा धुवावे. मग खाली टॉवेल अंथरून फ्लीसवर अर्धी वाटी पाणी ओतावे. पाणी खाली गेले की कापड उत्तीर्ण. वर थेंब लोळत राहिले तर पुन्हा मशीन. रंग फिका निवडावा. डाग दिसू नयेत म्हणून गडद कापड घेण्याकडे कल असतो, पण डाग दिसणे हेच फिक्या कापडाचे काम आहे: मूत्रातले रक्त काळ्या फ्लीसवर कोणालाच दिसत नाही.

धुण्याच्या दिवशी पहिला विधी शिरगणतीचा. गिनीपिग सहसा जोडीने पाळले जातात आणि घडीत शिरणे हा त्यांचा छंद असतो. प्राणी वेगळ्या खोक्यात काढावेत, मोजावेत आणि कापड गोळा केल्यावर पुन्हा मोजावेत. दोन्ही आकडे सारखे आले तरच पुढे जावे.

त्यानंतर झाडणी. एक गिनीपिग दिवसाला सहज शंभर लेंड्या टाकतो. त्या कोरड्या आणि घट्ट असतात, रोजच्या रोज सुपलीत भरता येतात आणि या साऱ्या व्यवहारातला तेवढाच सोपा भाग आहे. अवघड आहेत केस आणि गवत. फ्लीसमध्ये रुतलेले केस ओल्या रबरी हातमोज्याने एका दिशेने घासले की गोळे होऊन निघतात. गवताची कुसळे मात्र चिवट. ती कापडातच राहिली तर मशीनच्या जाळीत अडकतात आणि जाळीतून निसटली तर पुढच्या फेरीला बनियनमध्ये येतात, ज्याचा उलगडा बनियन घालणाऱ्याला ऑफिसात पोचल्यावर होतो. यास्तव कापड झटकल्यावर जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून, तोंड बांधून मशीनमध्ये टाकावे, आणि घरच्या कपड्यांबरोबर कधीही धुऊ नये. झटकण्यासाठी गॅलरीचा कठडा सोयीचा वाटतो. खालच्या मजल्यावर पापड वाळत असतील तर सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय आयत्या वेळचा म्हणून निघतो.

प्रत्यक्ष धुणे थोडक्यात असे: आधी गार पाण्यात एक खळबळणी, मग कोमट पाण्यात बिनवासाचे डिटर्जंट नेहमीच्या निम्म्या मापाने, आणि शेवटी दोनदा निखळणे. मूत्राचे पांढरे, खडूसारखे डाग या प्राण्याच्या पोटातून थेट येतात. खाण्यातले जास्तीचे कॅल्शियम तो मूत्रावाटे टाकतो आणि ते कार्बोनेट होऊन कापडावर बसते. साबणाने ते हलत नाही; आम्लाने विरघळते. म्हणून साधे पांढरे व्हिनेगर अर्धा कप, सॉफ्टनरच्या कप्प्यात. कप्पा त्यासाठीच मोकळा आहे, कारण सॉफ्टनर येथे वर्ज्य.

हे शेवटचे वाक्य पचायला जड आहे. मऊपणा, सुगंध, कडक इस्त्री, जंतुनाशक या चार गोष्टींनी घराची इभ्रत राखायची असे अनेक पिढ्या शिकवले गेले आणि गिनीपिगाला त्यातली एकही चालत नाही. सॉफ्टनर धाग्यांवर मेणकट थर चढवतो, फटी बुजतात आणि कापड पुन्हा अळवाचे पान होते. मोगऱ्याचा किंवा लव्हेंडरचा वास माणसाला ताजेपणाचा वाटतो. ज्याचे नाक चोवीस तास त्या कापडापासून बोटभर अंतरावर असते त्याला तो त्रासच. फिनाइल पिंजऱ्याच्या आसपास नको. इस्त्रीने पॉलिएस्टरची लव बसते आणि जास्त तापली तर वितळते, शिवाय इस्त्रीवाल्याला हे कापड कशाचे आहे ते सांगावे लागते.

ब्लीचचे प्रकरण विनोदाचे नाही. मूत्राने भिजलेल्या कापडावर ब्लीच ओतले तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू सुटतात. त्यात व्हिनेगर मिसळले तर क्लोरिन सुटतो. दोन्ही उपाय चांगले म्हणून दोन्ही एकदम करणारा गृहस्थ प्राण्याआधी स्वतःच दवाखान्यात पोचतो. प्राण्याला नायटा किंवा खरूज झाली असेल तरच पाण्याचे तापमान साठ अंशांवर न्यावे, ते कापड वेगळे धुवावे आणि हाताळताना हातमोजे घालावेत. नायटा माणसालाही लागतो.

वाळवण्याबाबत ऋतुभेद पाळावा लागतो. फ्लीस पाणी धरत नसल्याने उन्हाळ्यात तासाभरात वाळते. जुलैत तेही पंख्याखाली निभावते, पण खालचा सुती थर दोन दिवस दांडीवर लोंबत कुबट होत राहतो. दमट थर पिंजऱ्यात घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. एरवी दोन जोड पुरतात, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यासाठी तीन धरावेत. ड्रायर असल्यास कमी उष्णतेवर, आणि त्यात टाकायचे सुवासिक कागद बाजूला ठेवून.

वाळलेला जोड कपाटात ठेवताना डांबरगोळ्या घालू नयेत. नॅप्थलिनचा वास लोकरीतल्या कसरीला पळवतो आणि गिनीपिगालाही अपाय करतो. पॉलिएस्टर तर कसर खातही नाही.

अंथरताना सुती थर खाली, फ्लीस वर, कडा दुमडून आत खोचलेल्या. कडा मोकळ्या राहिल्या तर गिनीपिग खाली शिरून शोषक थरावर मुक्काम ठोकतो आणि सगळी रचना उलटी होते. सुटे धागे तपासून कापावेत, ते बोटांना गुंडाळले जातात. जोड बदलण्याची मुदत तीन ते सात दिवस, प्राण्यांची संख्या आणि वास पाहून. घरच्यांच्या नाकाला सवय झालेली असते. वासाचा निवाडा पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून करावा.

दीडदोन वर्षांनी फ्लीसवर गोळे येतात, लव जाते, पाणी उतरेनासे होते. मराठी घरात कापडाची उतरंड ठरलेली आहे: लुगड्याची गोधडी, गोधडीचे फडके, फडक्याचे पोतेरे. फ्लीस तीत बसत नाही. जे पाणी पीत नाही त्याने फरशी पुसली जात नाही, पाणी फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. मात्र कापले तरी त्याच्या दशा सुटत नाहीत, म्हणून निवृत्त कापडाच्या चार बोटे रुंद पट्ट्या कापून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात पडद्यासारख्या टांगाव्यात. गिनीपिगाला आडोसा आवडतो. तो त्यामागे जाऊन बसतो. पट्ट्याही दर आठवड्याला धुवाव्या लागतात.